पहिली रॅली कार, बजेट साडेतीन लाख. गाडी कुठली घेऊ आणि आधी काय करू?

कासारवडवलीकर_२७:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. राहायला कासारवडवली, नोकरी ऐरोलीला. दोन वर्षांपूर्वी मित्राबरोबर नाशिककडे रॅली बघायला गेलेलो, शेताच्या बांधावर उभं राहून पोटभर धूळ खाल्ली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. आता ठरवलंय की बांधावर उभं राहायचं नाही, आत बसायचं.

बजेट साडेतीन लाख, सगळं धरून. बायकोला सव्वादोन सांगितलेत (ती इथे येत नाही). कळव्यात एकाकडे २००४ ची मारुती एस्टीम बघितली, ८५ हजार म्हणतोय, पंच्याहत्तरला येईल बहुतेक. इंजिन एकदम मख्खन आहे, एसी पण चालू, रंग नवा मारलाय.

प्लान असा की आधी इंजिन, म्हणजे ओपन फिल्टर, एक्झॉस्ट, जमलं तर हेडचं काम, त्यात साधारण ८० हजार जातील. मग अलॉय आणि टायर. मग बकेट सीट, ऑनलाइन ९ हजाराला मिळतेय, दिसायला झकास. रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला पाइपांचा सांगाडा, त्यासाठी वागळे इस्टेटला ओळखीचा ग्रिलवाला आहे, तो १८ हजारात करून देतो म्हणतो, आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बाल्कन्यांच्या ग्रिल त्यानेच केल्यात आणि काम साफ आहे त्याचं. उरलेल्यात हेल्मेट, सूट आणि एन्ट्री फी. नेव्हिगेटर म्हणून चुलतभाऊ तयार आहे, त्याला गुगल मॅप चांगला कळतो.

तर एस्टीमच घेऊ, की जुनी स्विफ्ट बघू, की जिप्सीच्या मागे लागू? आणि प्लानमध्ये काही चुकतंय का?

एस्टीमवाला_काका, नेरुळ:

भावा, आधी त्या ग्रिलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांग, मग पुढचं वाच.

ग्रिलला जो पाइप लागतो तो पत्रा गोल वळवून उभा जोड मारलेला असतो. बाल्कनीला तो उत्तम, कारण बाल्कनी पलटी खात नाही. केजला लागतो सीमलेस, कोल्ड ड्रॉन, कार्बन स्टीलचा. एफआयएच्या, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या, नियमात मेन हूप, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागची मोठी कमान, ती बाहेरून ४५ मिमी आणि जाडी २.५ मिमी, नाहीतर ५० ला २. बाकीच्या नळ्या ३८ ला २.५ किंवा ४० ला २. वाकवायची ती थंडच, वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, आणि वळणावर नळी चेपलेली किंवा सुरकुतलेली दिसली तर ती नळी भंगारात. प्रत्येक पायाखाली निदान ३ मिमीची पट्टी, १२० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे ढोबळमानाने १० बाय १२ सेंटिमीटर, पत्र्याला वेल्ड केलेली, आणि पाय बोल्टवर असेल तर पायाला कमीत कमी तीन एम-८ बोल्ट. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ कोरलेलं बघूनच घे, हार्डवेअरवाला "सेमच आहे साहेब" म्हणेल, सेम नसतं.

आता माझी फजिती ऐक. माझी पहिली केज एका वर्कशॉपने केली, नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता पण रॅलीचं काम त्याने आधी केलेलं नव्हतं. दिसायला फर्स्ट क्लास, वर पांढरा रंग, मी तर फोटो काढून गावाला पाठवले. स्क्रुटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या गाडी तपासणीला, गेलो तर तपासणाऱ्याने खिशातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काढला, छप्पर आणि नळी यांच्या फटीत घातला आणि मला म्हणाला बघा. वरच्या बाजूला वेल्डच नाही! समोरून अर्धा जोड झकास, मागून अर्धा उघडा. छप्पर मध्ये येतं म्हणून टॉर्च पोचली नाही आणि त्याने सोडून दिला. वेल्ड नळीच्या चहूबाजूंनी लागतो. ज्याला येतं तो काय करतो, पायाच्या जागी फ्लोअरला भोकं पाडून आख्खी केज खाली सोडतो, वरचा जोड मोकळ्या हवेत पूर्ण वेल्ड करतो, मग केज वर उचलून खाली पट्ट्या बसवतो. त्या दिवशी माझी एन्ट्री फी गेली, टो-व्हॅनचे पैसे गेले, आणि खरं सांगू, बरंच झालं गेले ते. म्हणून करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचार की वरचा जोड कसा मारणार. "होऊन जाईल" म्हणाला की चहा पिऊन निघ.

सीटचंही तेच. ९ हजाराची दिसायला झकास सीट म्हणजे फायबरवर रेक्झिन. सीटवर एफआयएचं लेबल हवं, ८८५५-१९९९ लिहिलेलं, आणि बनवलेली तारीख बघ, त्या लेबलच्या सीटला पाचच वर्षं आयुष्य धरतात. सीट चार ठिकाणी ८ मिमीच्या बोल्टने बसते, खाली ३ मिमीची काउंटर प्लेट. बेल्टवर तर शेवटची तारीखच छापलेली असते. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना जितके आडवे जातील तितके चांगले, ४५ अंशांच्या खाली उतरता कामा नयेत, नाहीतर धडक बसली की तेच पट्टे तुला वरून खाली दाबतात आणि मणका जातो. जुन्या सीटच्या बोल्टला खाली बांधून मोकळे झालेले लोक मी बघितलेत. आणि हेल्मेट सेकंडहँड नको, कोणाचं कुठे आपटलंय ते बाहेरून कळत नाही.

इंजिनला एक रुपया लावू नकोस. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, होस पाइप, इंजिन माउंटिंग, क्लच प्लेट नवीन टाक, ऑइल बदल, झालं. ८५ घोडे आहेत त्यात आणि पहिली दोन वर्षं तुला त्यातले साठ पण वापरता येणार नाहीत. ओपन फिल्टर तर कच्च्या रस्त्यावर धूळ ओढायचं यंत्र आहे, कंपनीचा डबा आणि पेपर फिल्टर ठेव आणि दर इव्हेंटला बदल.

पैसे खाली घाल. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्र्याचा संप गार्ड, नवीन शॉकअप, थोड्या कडक स्प्रिंगा, सगळे बुश, बॉल जॉइंट. ब्रेकला नवीन पॅड आणि डॉट-४ ऑइल, आणि ब्रेकचा पाइप गाडीखालून जातो तो आतून घेता आला तर घे, दगड बसून चेपतो. अलॉय नको. अलॉय तडकतो, लोखंडी रिम वाकतो, आणि वाकलेला रिम मी डोंगरात दगडावर हातोड्याने सरळ करून गाडी सर्व्हिसपर्यंत (रॅलीतली दुरुस्तीची जागा) आणलेली आहे.

गाडी म्हणशील तर एस्टीम, १.३ वाली स्विफ्ट आणि जिप्सी किंग तिघींच्या पोटात एकाच खानदानातलं १२९८ सीसीचं इंजिन. एस्टीम त्यात हलकी आणि स्वस्त, पण पत्रा सडतो. खाडीकाठची गाडी आहे आणि वर नवा रंग म्हणतोस, मला तिथेच वास येतोय. कार्पेट काढून जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन फ्लोअर टोचून बघ, विशेषतः दरवाजाखालची पट्टी आणि मागच्या चाकावर शॉकअप जिथे बसतो ती जागा. सडलेल्या पत्र्याला केज वेल्ड करणं म्हणजे पापडाला खिळा ठोकणं.

पामबीचकिंग:

हे सगळं ठीक आहे पण प्रॅक्टिस कुठे करणार, रात्री दोनला पाम बीच रोड एकदम मोकळा असतो 😎 नाहीतर येऊरचा घाट

एस्टीमवाला_काका, नेरुळ:

येऊर हा नॅशनल पार्कचा भाग आहे, आत पाडे आहेत, लोक पायी जातात. पाम बीचला काय होतं ते दर महिन्याला पेपरात येतं. आणि डांबरावर सरळ पळवून कच्च्या रस्त्याचं काहीही शिकता येत नाही. ह्या विषयावर परत नको.

नेव्ही_ताई:

मी उजवीकडे नाही, डावीकडे बसते. आठ-नऊ वर्षं झाली. प्रश्न वाचला, काकांचं उत्तर पण वाचलं, काका बरोबरच बोलतात पण सगळं पत्रा-वेल्डिंग झालं, त्या चुलतभावाचा कोणी विचारच केला नाही.

कासारवडवलीकर दादा, गुगल मॅप कळणं आणि नेव्हिगेशन ह्यांचा काडीचा संबंध नाही. तुमच्या भावाला एकदा मागच्या नाही, पुढच्या सीटवर बसवा, हातात पुस्तक द्या, मान खाली घालून मोठ्याने वाचायला सांगा आणि मुंब्रा बायपासवरून शिळफाट्यापर्यंत गाडी न्या. उलटी झाली नाही तर पुढे बोलू. मी हसण्यावारी नेत नाहीये, माझी पहिली रॅली अर्ध्यात संपली ती गाडी बंद पडली म्हणून नाही, मी बंद पडले म्हणून.

आणि गाडीवर एकही रुपया खर्च न करता सुरुवात करता येते हे कोणी का सांगत नाही? टीएसडी करा! टाइम, स्पीड, डिस्टन्स. तुमच्या रोजच्या गाडीने होते, केज नको, सूट नको, लायसन्स, पियूसी, इन्शुरन्स चालू पाहिजे आणि त्या इव्हेंटची नियमावली नीट वाचलेली पाहिजे. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने जायचं, उशीर झाला तरी दंड आणि लवकर पोचलात तरी दंड, आणि कंट्रोल, म्हणजे वेळ टिपणारी चौकी, कुठे लपलाय ते आधी माहीत नसतं. लोकांना वाटतं ह्यात काय मोठं, पिकनिक आहे. ३६ ची सरासरी म्हणजे एक किलोमीटर बरोबर १०० सेकंदांत, हे सोपं. ४० म्हणजे ९० सेकंद, ४५ म्हणजे ८०. आता ४० वरून मध्येच ३४ दिली, पुढे बैलगाडी, त्यात एक डावं वळण चुकून आठशे मीटर पुढे गेलात, परत आलात, आता सांगा किती सेकंद मागे आहात आणि मीटरमधून किती वजा करायचं? हे ड्रायव्हर बोंबलत असताना पेन्सिलीने करायचं असतं.

सुरुवातीला आयोजक मोजून दिलेला पट्टा देतात, त्यावर आपला मीटर जुळवून घ्यायचा. आयोजकांचे १० किलोमीटर आणि तुमच्या मीटरचे १० किलोमीटर कधीच सारखे नसतात. नवीन लोक हे करत नाहीत आणि मग दिवसभर का दंड बसतोय ते कळत नाही.

स्टेज रॅली, म्हणजे बंद केलेल्या रस्त्यावर घड्याळाविरुद्ध पळवायची, ही पुढची पायरी. तिथे आधी रेकी असते, तेव्हा आपणच पेस नोट्स लिहायच्या, हे वळण किती तिखट, पुढे किती मीटर, दगड आत की बाहेर, आणि स्टेजला ड्रायव्हर डोळ्यांनी नाही, कानांनी चालवतो. रॅली ड्रायव्हर गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला, सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं नोट्स वाचणारे कासारगोडचे मूसा शरीफ किती जणांना माहीत आहेत? म्हणून म्हणते, भावाचं हेल्मेट, बेल्ट, सीट तुमच्याइतकंच चांगलं पाहिजे. ड्रायव्हरला नवी सीट आणि नेव्हिगेटरला जुनी, असं मला दोन टीमनी ऑफर केलंय, दोन्हीकडून मी उतरून घरी आले.

आणि बायकोला खरा आकडा सांगा. सर्व्हिसला पाणी, डबे आणि चटई घेऊन शेवटी घरचेच येतात.

तळोजा_पाना:

ताईंना हजार टक्के. पण टीएसडी करून पण ह्याला स्टेजच करायची आहे हे स्पष्ट दिसतंय, धूळ डोक्यात गेली की जात नाही, मला माहितीये. म्हणून गाडीचं बोलतो.

बनवू नकोस. तयार घे. मी सांगतो हिशोब, मी स्वतः बनवली तेव्हाचा. गाडी ७०, केज नीट माणसाकडून केली तर मला ७५ पडली, दोन सीट, दोन बेल्ट, दोन हॅन्स (धडकेत मान वाचवणारी कॉलर), दोन सूट, दोन हेल्मेट ह्यातच अडीच लाखाच्या वर गेलो, आणि अजून टायर, शॉकअप, संप गार्ड, फायर एक्स्टिंग्विशर, किल स्विच (गाडीची वीज एकदम तोडणारा) काहीच धरलेलं नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. मी तीच गाडी दोन सीझननी विकली तेव्हा लावलेल्या पैशाच्या निम्मे पण आले नाहीत, आणि ज्याने घेतली त्याला सोबत एक गिअरबॉक्स, दोन ड्राइव्ह शाफ्ट आणि सात रिम फुकट. तो माणूस तू व्हायला पाहिजेस, मी नाही.

तयार गाडी बघताना इंजिन शेवटी बघ. आधी बघ शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, सरळ आहे का, दरवाजे एका बोटाने लागतात का, चारही फटी सारख्या आहेत का, पुढच्या शॉकअपच्या टॉवरला तडा किंवा नवा वेल्ड आहे का. मग सीट-बेल्टच्या तारखा. मालकाला विचार कुठे कुठे पलटी झाली. नाही म्हणाला तर खोटं बोलतोय, जो खरं सांगतो आणि काय दुरुस्त केलं ते दाखवतो त्याच्याकडून घे.

जिप्सीबद्दल, दिसायला राजा, आर्मीच्या लिलावातली मिळते, पण पुढे-मागे पट्ट्याच्या स्प्रिंगा, कंबर कामातून जाते आणि नाव झालंय म्हणून किंमत उतरत नाही. नवीन माणसाला पुढची चाकं ओढणारी हलकी गाडी बरी.

आणि आरटीओ विसरू नका कोणी. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने आडकाठी आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच ठणकावलंय. केजवाली गाडी घेऊन रोज ऐरोलीला जायचं स्वप्न असेल तर सोडून दे, इव्हेंटला पण टो-व्हॅनवर घालून न्यायची. तरी कागद लागतातच, कारण स्टेज ते स्टेज सरकारी रस्त्यावरूनच जायचं असतं. २००४ ची गाडी म्हणजे वीस वर्षं उलटली, आता पासिंग रिन्यू करायची फीच १० हजार झालीये, पंधरा ते वीसवालीला ५ हजार. कळवेवाल्याला आरसी दाखव म्हण, किती तारखेपर्यंत आहे बघ. इंजिन मख्खन असून उपयोग काय, कागद ताक असतील तर.

हां आणि इन्शुरन्स स्पर्धेत झालेलं काहीही देत नाही. ठोकली की आपली आपण.

मधली वाट पण आहे. जुनी अल्टो घे, पत्रा चांगला बघून, ऑटोक्रॉस कर. मैदानात ट्रॅक आखलेला असतो, एकावेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध, समोर झाड नाही, दरी नाही. एफएमएससीआयचं, म्हणजे देशाच्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स काढ, मेडिकल आणि फॉर्मचं काम आहे, बाऊ करू नको. एका दिवसात जेवढ्या वेळा गाडी आडवी जाईल तेवढी रस्त्यावर दहा वर्षांत जाणार नाही.

एस्टीमवाला_काका, नेरुळ:

तयार गाडीचं पटलं. मी बनवा म्हणतो कारण स्वतः बनवली की रात्री डोंगरात काय तुटलंय ते आवाजावरून कळतं. पण साडेतीनमध्ये दोन माणसांचं सेफ्टीचं सामान आणि बनवायची गाडी बसत नाही, हे खरं आहे. सामान आधी घे, ते पुढच्या गाडीत पण येतं.

कासारवडवलीकर_२७:

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी लिहितोय कारण लाज वाटत होती.

रविवारी कळव्याला गेलो, स्क्रू ड्रायव्हर खिशात. मालक चहा आणायला आत गेला तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट उचललं, खाली डांबरासारखं काळं अंडरकोट फासलेलं, गुळगुळीत. दरवाजाखाली जरा दाबलं तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तर त्याला गंजाचा चुरा आणि, खोटं नाही सांगत, ओल्या वर्तमानपत्राचा लगदा. कोणीतरी भोकात पेपर कोंबून वरून अंडरकोट मारलेला. मालक कप घेऊन बाहेर आला, भोक बघितलं, एक सेकंद गप्प बसला आणि म्हणाला साठला घ्या. आरसी फेब्रुवारीतच संपलीये ते त्यानंतर कळलं. चहा पिऊन निघालो, काकांनी सांगितल्याप्रमाणे.

ग्रिलवाल्याला नाही सांगितलं, तो म्हणाला बरं झालं, मला पण भीती वाटत होती.

चुलतभावाला मुंब्रा बायपासला नेलं. शिळफाट्याच्या सिग्नलपर्यंत टिकला, तिथे दार उघडलं. आता उलटीची गोळी घेऊन परत नेणार आहे, पण बायको म्हणते मीच बसते, मला गाडीत वाचायची सवय आहे, लोकल बंद पडली की मी बसमध्ये वाचतेच की. तिला खरा आकडा सांगितला. दोन दिवस बोलत नव्हती, तिसऱ्या दिवशी तिनेच टीएसडीचे व्हिडिओ बघायला घेतले.

तर सध्या वॅगनआरनेच टीएसडी करायची ठरलंय, सेफ्टीच्या सामानाचे पैसे बाजूला. काल सकाळी दोघं नाशिक हायवेला पडघ्याकडे गेलो, किलोमीटरचे दगड बघत मीटर जुळवला. तिने पाच वेळा लिहून घेतलं, दगडाचे १० किलोमीटर म्हणजे आमच्या मीटरचे १०.३ येतात, पाचही वेळा. एवढा फरक चालतो का की मीटर दाखवून घेऊ?

नेव्ही_ताई:

चालतो. फरक किती आहे त्याला महत्त्व नाही, पाचही वेळा तेवढाच येतोय ना, मग झालं. वहिनींना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा, आणि इव्हेंट होईपर्यंत टायरमधली हवा आज जेवढी आहे तेवढीच ठेवा, कमी झाली की आकडा बदलेल. त्या दिवशी आयोजकांच्या पट्ट्यावर परत मोजायचं, दगडांवर भरवसा ठेवायचा नाही.

भावाला सर्व्हिसला घ्या.